गिटारला खोबरेल नको!

संपादक महोदय,
पुण्यात माझं गिटारचं छोटं दुकान आहे. जुलै उजाडला की एकच तक्रार येते : 'तारा दाबताना बोटं सोलवटतात.' गिटार बिघडलेली नसते. पुढच्या स्प्रूस लाकडाच्या फळीने दमट हवा पिऊन पोट फुगवलेलं असतं, म्हणून तारा वर उचलल्या जातात. या लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात ती 80 च्या पुढे जाते. गिटार भिंतीला टेकवून न ठेवता केसमध्ये, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवली तरी निम्मं काम होतं.

गेल्या आठवड्यात एक काकू नातवाची गिटार घेऊन आल्या. शिसवी फ्रेटबोर्डवर, म्हणजे ज्या पट्टीवर तारा दाबतात तिच्यावर, मायेने खोबरेल चोळलेलं. नखाने खरवडलं तर काळा, खवट लगदा निघाला. "काकू, ही बाळाची टाळू नव्हे," म्हटलं. त्या हसल्या, मी मात्र दुपारभर पुसत बसलो.

उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा, उखडतो, तोही येतोच. तो झटपट चिकटणाऱ्या गोंदाने घरी चिकटवू नका. नवा जोड बसवणं सोपं, तो गोंद काढायला मात्र माझे दोन दिवस जातात.

- एक गिटार दुकानदार, सदाशिव पेठ, पुणे