सोनं नाही, जमीन सापडली

आई, बाबा,

काल फोनवर नीट बोलता आलं नाही, लोकलमध्ये दोन बायकांच्या मध्ये अडकले होते. त्यात बाबांचा नेहमीचा प्रश्न, "काय गावलं का आज?" आणि माझं नेहमीचं उत्तर, "खापरं." मागून आई हसली ते ऐकलं हां मी! म्हणून आज सगळं टाईप करतेय, अक्षरं मोठी करून वाचा. फक्त आमच्या उत्खननाची साईट कुठंय ते वाडीत कुणाला सांगू नका, सोनं मिळेल म्हणून लोक रात्री येऊन उकरून जातात.

पहिलं म्हणजे, त्याला खड्डा म्हणायचं नाही, ट्रेंच. पाच बाय पाच मीटरचा चौकोन, चारी बाजूंनी अर्धा अर्धा मीटर न खणता सोडायचा, त्याला बाल्क म्हणतात, म्हणजे खणायला उरतात चार बाय चार. त्या कडेच्या भिंतीत मातीचे थर वाचायचे असतात म्हणून ती एकदम ओळंब्यात लागते. बाबा, आमची पश्चिमेची भिंत तुम्ही बघितली असती तर सरांना पण दोन शब्द ऐकवले असते.

सकाळी सातला ताडपत्री काढायची, लेव्हल लावून खोली घ्यायची, आणि मग उकिडवं बसायचं ते जेवेपर्यंत. कुदळ सुरुवातीला वरच्या मातीला लागली तेवढीच. आता थापीने एकेक पापुद्रा खरवडायचा, माती घमेल्यात, घमेलं चाळणीवर, चाळणीत राहील ते पिशवीत, पिशवीवर ट्रेंच, थर, खोली, तारीख. शेजारी टॉवरचं काम चालूय, तिथला जेसीबी आमची महिन्याभराची माती एका दुपारी काढतो आणि ड्रायव्हर आमच्याकडे बघून हसतो. थापी तुमचीच आहे बाबा, न विचारता बॅगेत टाकली होती. बाकीच्यांच्या ऑनलाईन मागवलेल्या, दगडाला लागल्या की टोक वळतं.

आता खरी गोष्ट. गेल्या आठवड्यात मी घाईत चार बोटं जास्त खोल गेले. दुसऱ्या दिवशी बाल्कच्या भिंतीत एक पिवळट रेघ दिसली आणि पोटात गोळाच आला, कारण ती कुणाच्यातरी घरातली जमीन होती आणि माझ्या कोपऱ्यातली मी खरवडून चाळणीत घातली होती. सर ओरडले नाहीत, वहीत लिही म्हणाले फक्त, ते जास्त लागलं.

पण उरलेल्या भागात ती रेघ आज मला आधी दिसली. एक मीटर चाळीसवर थापीचा आवाज बदलला, खरखर होती ती टकटक झाली. थांबले, पाणी फवारलं (ओल्या मातीत रंग नीट कळतो), आणि कापलेल्या कडेला बघते तर पापुद्र्यावर पापुद्रे. आई, आपल्या पडवीचा कोपरा उखडला होता आणि तुझं सारवण मी नखाने सोलत बसले होते, धपाटा खाल्ला होता, आठवतं? तसंच अगदी. मी अकरा मोजले, म्हणजे कुणीतरी बाई सणासुदीला परत परत सारवत होती बहुतेक. शेणाचं आहे का ते लॅबमध्ये कळेल, पण कामावरच्या मावश्यांनी नुसतं बघून सांगितलं, "सारवानच हाय ता."

त्याच जमिनीत तीन काळे गोल निघाले, एका रांगेत. लाकडी खांबांची जागा. खांब कुजून जातो, खळग्यात वेगळी माती भरते, ती मऊ लागते हाताला. अर्धा गोल कापून बाजूने बघायचा, फोटो, ड्रॉईंग, मग उरलेला अर्धा. चौथा बाल्कच्या खाली गेला असणार, तिकडे हात लावायचा नाही. जीव नुसता तळमळला.

चाळणीत एक नखाएवढं खापर पण आलं, निळं-हिरवं, चकाकणारं. अशी भांडी इराणी आखाताकडून जहाजाने यायची, चौल आणि संजाण या जुन्या बंदरांच्या उत्खननात पण निघालीत.

आणि बाबा, सोन्याचं म्हणाल तर, आपल्या नालासोपाऱ्याला 1882 साली भगवानलाल इंद्रजी या संशोधकांनी बुरुड राजाच्या कोटाचं टेकाड खणलं, आत स्तूप, त्यात दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, मग एकात एक करत चांदी, दगड, स्फटिक आणि शेवटी सोन्याचा. त्या सोन्याच्या डबीत काय ठेवलं होतं माहितीये? सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याचे बारके तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे असं ते मानायचे. खापरंच!! आता हसा.

पगार दोन महिने लांबलाय पण चाललंय माझं, पैसे पाठवू नका. आईने गुडघ्याला तेल लावलं का ते बाबांनीच कळवा, ती खोटं सांगते. शिमग्याला येतेय, चार दिवस सुट्टी मिळालीय. थापीची मूठ हलायला लागलीय, आणते, तेवढी ठोकून द्या.

तुमची,
धाकटी