येताना काळा पुठ्ठा आणा

आचऱ्याजवळ, मंगळवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून आई आधी चष्मा शोधेल आणि मग घाबरेल, म्हणून पहिल्याच ओळीत लिहितो: मी ठणठणीत आहे. इथे रेंज नाही. फोन करायचा तर सड्यावरच्या एका खडकावर चढावं लागतं, आणि तिथे वारा एवढा की परवा आई 'गोळी घेतलीस का' विचारत होती आणि मी 'हो, पापलेट' म्हणत होतो. कोल्हापूरहून भाजी घेऊन येणारा टेम्पो उद्या पहाटे रिकामा परत निघतोय. त्याच्याकडे हे पत्र, थोडी सोलं आणि सुक्या जवळ्याची पुडी देतोय. पुडी वेगळ्या पिशवीत आहे. एकादशीच्या तोंडावर ती देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवू नका.

बाबा, तुम्ही भाडं विचाराल. शून्य. घराचे मालक पुण्याचे डॉक्टर आहेत. त्यांनी माझं नेपथ्य कुठल्याशा प्रयोगात पाहिलं होतं. एरवी हे घर ज्या दराने देतात तो आकडा मी लिहीत नाही, आईला उचकी लागेल. पण वर्षातून थोडे दिवस ते चित्रं काढणाऱ्यांना, लिहिणाऱ्यांना असंच राहायला देतात. अट एकच, जाताना इथे केलेल्या कामातलं एक काहीतरी भिंतीवर ठेवून जायचं.

खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मला ज्याने हे घर बांधलं त्या आर्किटेक्टचा रागच आला. गाडी जांभ्याच्या गडग्यापाशी सोडायची आणि सुरूच्या बनातून चालत यायचं. किनाऱ्यावर बांधायचं तर भरतीरेषेपासून अंतर सोडावं लागतं, त्यामुळे घर बरंच आत आहे. समोर येते ती चिऱ्यांची एक लांबलचक तांबडी भिंत. गिलावा नाही, खिडकी नाही. आपल्याकडचा काळा दगड बघितलेल्या डोळ्यांना हा चिरा आधी कच्चाच वाटतो. इथले राखणदार काका सांगत होते की खाणीतून कापताना तो मऊ असतो, आणि वारा-ऊन खाऊन घट्ट होत जातो. भिंतीच्या कडेने वळलं की चौक, चौकाभोवती पडवी, वर मंगलोरी कौलं, खाली लाल कोबा, अनवाणी चालायला थंडगार. सगळीकडे समुद्राचा आवाज. आणि समुद्र कुठेच दिसत नाही!

मी खोल्याखोल्यांतून फिरलो. झोपायच्या खोलीची खिडकी चौकात उघडते. न्हाणीघराला वरून उजेड. समुद्रकाठच्या घरात समुद्र शोधत फिरणारा माणूस बघून काका हसले आणि म्हणाले, "दर्यो खंय जाता? थंयच असा."

पश्चिमेच्या लांब खोलीत एकच खिडकी आहे. चार फूट रुंद आणि जेमतेम दीड फूट उंच, तीही एवढी खाली की उभं राहिलं तर फक्त वाळू दिसते. जमिनीवर मांडी घालून बसलं तरच समुद्र दिसतो. आभाळ जवळजवळ नाहीच. पाण्याचा एक आडवा पट्टा आणि त्यावर क्षितिजाची रेघ, खिडकीच्या बरोबर वरच्या तिसऱ्या भागात.

काकांच्या मते कारण साधं आहे. पावसाळ्यात वारा आणि पाऊस नैऋत्येकडून येऊन थोबाडीत मारतात, मोठी काच लावणाऱ्यांची घरं इथे दोन वर्षांत रडायला लागतात. आर्किटेक्ट बांधायच्या आधी दोन पावसाळे इथे येऊन नुसता बसला होता म्हणे. जूनमध्ये या खिडकीवर झावळ्यांची झापं बांधतात. बिजागऱ्या पितळी आहेत, कारण खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. माझी स्टीलची पट्टी आठ दिवसांत तांबूस झाली, त्यावरून पटलं.

पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या खिडकीसमोर बसलो आणि मला एकदम तुमचा काळा पुठ्ठा आठवला, बाबा.

आठवतो ना? रविवारी सकाळी संध्यामठाजवळ तुम्ही पाच-सहा पोरं घेऊन बसायचात आणि प्रत्येकाच्या हातात एकेक काळा पुठ्ठा द्यायचात, मध्ये दोन बाय तीन इंचांची खिडकी कापलेली. आम्हाला सगळा रंकाळा काढायचा असायचा. शालिनी पॅलेस, म्हशी, होड्या, भेळेच्या गाड्या, वर पन्हाळ्याकडचे ढग. तुम्ही पुठ्ठा डोळ्यासमोर धरायला लावून म्हणायचात, "सगळा रंकाळा कुणाच्या बापाला काढता आलाय? खिडकीत मावेल तेवढाच काढ." मी तर बापालाच विचारणार होतो, पण धाडस झालं नाही. चित्रकार आबालाल रहमानांनी आपल्या गावातलं पाणी कसं रंगवलं तेही तुम्ही तिथेच सांगायचात, आणि घरी येताना आनंदराव आणि बाबूराव पेंटरांच्या नाटकाच्या पडद्यांची गोष्ट. त्या पडद्यांच्या गोष्टींनीच मी नेपथ्याकडे वळलो. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आता दुसरं न सांगितलेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं तेव्हा मी गर्दीत उभा होतो, हे तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती आणि आपण घरात कुणी काही बोललो नाही. त्यानंतर मी कामं केली, पैसेही मिळाले, पण ती सगळी जुन्याच कामांची उचलाउचल होती. कागद समोर घेतला की मला १९१५ सालचा तो रंगमंच दिसायचा, जिथे मी पहिला दिवाणखाना उभा केला होता, आणि मग मी तोच दिवाणखाना पुन्हा काढायचो. तीन दारं, झुंबर, कोनाडा, तसबीर. आई विचारायची, 'काय काढतोयस?' मी म्हणायचो, 'वाडा.' वर्षभर एकच वाडा काढत होतो गं मी.

स्पर्धेच्या नाटकालाही वाडाच हवा आहे. इथे आल्यावर पहिले दोन दिवस तोच काढला. तिसऱ्या संध्याकाळनंतर सगळं खोडलं. आता रंगमंचावर एक काळी भिंत आहे आणि तिच्यात खूप खाली एक आडवी खिडकी. ज्या पात्राला बाहेर बघायचंय त्याला जमिनीवर बसावं लागतं. म्हाताऱ्याला बसताना त्रास होतो, सुनेला पदर सावरावा लागतो, आणि थोरला मुलगा शेवटपर्यंत बसत नाही. एवढ्यावर अर्धं नाटक कळतं. दिग्दर्शकाला अजून दाखवलेलं नाही. तो बहुतेक म्हणेल, 'चला, लाकडाचा खर्च वाचला.'

इथल्या कपाटात घरांवरची जाडजूड पुस्तकं आहेत. चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्ब्युझिएने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी १९५२ मध्ये एक लाकडी खोपटं उभारलं. ३.६६ मीटर लांब, तेवढंच रुंद, म्हणजे बारा बाय बारा फूट. आपलं माजघर त्याहून मोठं असेल. आत स्वयंपाकघर नाही, जेवायला शेजारच्या खाणावळीत जायचं. आई, जगाला शहरं आखून देणारा माणूस आणि चुलीला जागा ठेवली नाही, बघ. १९६५ च्या ऑगस्टमध्ये त्याच समुद्रात पोहताना तो गेला. त्या खोपटाजवळच आयलीन ग्रे नावाच्या बाईंनी १९२६ ते १९२९ मध्ये बांधलेलं एक पांढरं घर आहे, त्याचं नाव ई-१०२७. या गृहस्थाने त्यांना न विचारता त्या घराच्या भिंतींवर चित्रं रंगवली. बाबा, वर्गात एकाच्या कागदावर दुसऱ्याने ब्रश चालवला तर तुम्ही कान पिरगाळायचात. हा वाचला तुमच्या तावडीतून.

स्वयंपाकघरात मात्र आमचा आर्किटेक्टही नापास. ओटा सहा फुटी माणसाच्या मापाचा, मसाल्याचे डबे ठेवायला एक चिंचोळी फळी, आणि भिंतीवर नुसतीच एक शोभेची पोकळी. काकी त्या ओट्याकडे ढुंकून बघत नाहीत. मागच्या पडवीत त्यांनी चूल मांडली आहे, तिथेच पाटा-वरवंटा, तिथेच सगळं शिजतं. आईला घराचा तेवढाच भाग आवडेल असा माझा अंदाज आहे. काकींच्या तिरफळाच्या आमटीबद्दल मी काही लिहीत नाही, नाहीतर तू म्हणशील, आमच्या तांबड्या रश्शाला विसरला.

आता मुद्द्याचं. तुम्ही दोघं शनिवारी इथे या.

नाही म्हणायच्या आधी वाचा. पौर्णिमा बुधवारी आहे. मंगळवारी दुपारपर्यंत तुम्हाला घरी पोचवतो, म्हणजे पंचगंगेच्या घाटावरचे आईचे दिवे चुकणार नाहीत. एकादशीला वरी आणि दाण्याची आमटी करायला काकी तयार आहेत, विचारून ठेवलंय. गाडी मी पाठवतो, ड्रायव्हर ओळखीचा आहे. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली असं यायचं, चार-साडेचार तास. घाट सुरू व्हायच्या आधी आईने आलेपाक तोंडात टाकायचा आणि गवे दिसतात का बघत बसायचं. बाबांच्या गुडघ्याचं म्हणाल तर अख्ख्या घरात एकच पायरी आहे, तीही चार इंचांची. बनातली वाट सपाट आहे. खिडकीसमोर मांडी जमणार नाही, म्हणून काकांनी त्यांच्या आईचा बुटका चौरंग काढून ठेवलाय. त्यावर बसलं तर क्षितिज खिडकीत बोटभर वर जातं, मी बसून पाहिलं.

आणि बाबा, डोळ्याचं. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही रंगांची पेटी माळ्यावर टाकलीत. उजव्या डोळ्याला निळा फार निळा दिसतो आणि डाव्याला सगळं चहाच्या पाण्यातून काढल्यासारखं, आता कुठल्या डोळ्यावर विश्वास ठेवू, असं तुम्ही म्हणालात. मी डॉक्टरांना विचारलं होतं. पिकलेलं भिंग पिवळं झालेलं असतं, ते निळा अडवून धरतं. ते काढलं की निळा एकदम आत येतो. म्हणजे तुमचा उजवा डोळा खोटं बोलत नाही, डावा जुनी सवय सोडत नाही एवढंच. फ्रेंच चित्रकार मोनेचंही १९२३ मध्ये एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि त्यानंतरही त्याने कमळांचे ते मोठे कॅनव्हास रंगवणं सोडलं नाही.

माझी एक मागणी आहे. एक डोळा झाकून या खिडकीतला समुद्र रंगवा, मग दुसरा झाकून तोच पुन्हा. सध्या अष्टमीची भांगाची, म्हणजे लहान भरती आहे, पाणी फारसं हलत नाही. तुम्ही याल तेव्हा उधाणाकडे चाललेलं असेल, खडकांवर फेस चढायला लागेल. ऊन सहाच्या सुमारास खिडकीत उतरतं, दहा-बारा मिनिटं टिकतं. एक सांगून ठेवतो, इथल्या हवेत पातळ रंगाचा वॉश लवकर वाळत नाही. सकाळी दिलेला दुपारी जेवून आलो तरी ओलसर असतो. घाई करणाऱ्याचं इथे काही खरं नाही. तुमच्या हाताला हे बरं पडेल, माझ्या हाताला आठ दिवस लागले.

भिंतीवर ठेवून जायच्या कामासाठी खिळा ठोकलेला आहे. माझं काळ्या भिंतीचं मॉडेल त्यावर टांगता येत नाही.

पेटी माळ्यावर डाव्या कोपऱ्यात आहे, पण तुम्ही शिडीवर चढू नका, शेजारच्या पोराला सांगा. नळ्यांतला पांढरा वाळला असणार, तो मी इथे आणलाय. काळा पुठ्ठा लोखंडी ट्रंकेत, माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांखाली आहे. प्रगतिपुस्तकं उघडून बघायची गरज नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता मी खडकावर असेन. होय किंवा नाही एवढंच मोठ्याने सांगा.

तुमचा
धाकटा

ता. क. आई, बरोबर वरवंटा आणू नकोस. इथे आहे. चटणी मात्र आण, कांदा-लसणाची, मोठी बरणी. काकींना कबूल करून बसलोय.