तालुक्याच्या दवाखान्यात कोलॅजनची पट्टी ठेवा

मा. संपादक, स.न.

माझ्या आईचा पाय एका बाभळीच्या काट्यापायी जायची वेळ आली होती. पंधरा वर्षांपासून शुगर, तळपायाला काही लागलेलं कळतच नाही, काटा घुसला तो चार दिवसांनी चप्पल ओली लागली तेव्हा दिसला, तोवर पू झालेला. मग जो तो आपलं औषध सांगायला लागला, कुणी हळद, कुणी चुना, शेजारच्या काकू म्हणल्या उघडी ठेव, वारं लागू दे, वाळली की बरी होईल. आपण जखम बरी झाली म्हणायच्या ऐवजी वाळली असंच म्हणतो, मग दुसरं सुचणार कुठून.

तालुक्याला दवाखान्यात गॉज (जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड) बदलायला एक दिवसाआड जायचो. कोरडा गॉज जखमेला असा चिकटायचा की ओढून काढताना आत आलेली नवी कोवळी कातडी पण सोबत निघायची, रक्त यायचं. दोन महिने हेच चाललं. ड्रेसिंग करणाऱ्या दादांचा यात दोष नाही, त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतंच.

शेवटी संभाजीनगरला एका सर्जननी मेलेला भाग कापून साफ केला, इन्फेक्शन आणि शुगर आटोक्यात आणली आणि वर कोलॅजनची पातळ शीट लावली. कोलॅजन हे प्रोटीन आपल्या कातडीत मुळातच असतं. जुनाट जखमेत शरीरातलीच काही एन्झाइम्स ते खात राहतात म्हणून जखम भरत नाही, शीट लावली की ती एन्झाइम्स शीटवरच गुंततात, आणि नव्या पेशींना वेलाला मांडव मिळावा तसा आधार मिळतो. फार पाणी सुटणारी जखम असली तर समुद्री शेवाळापासून केलेली अल्जिनेटची पट्टी असते, ती पाणी शोषून जेल होते त्यामुळं काढताना सोलत नाही.

जखम वाळवायची नाही, ओलसर ठेवायची, हे काही कालचं नाही. जॉर्ज विंटर या संशोधकांनी १९६२ मध्येच डुकरांवर दाखवून दिलं होतं की पातळ फिल्मखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगानं कातडी येते. आपल्या मुंबईत वाडिया बाल रुग्णालयाच्या डॉ. केसवानींनी १९८५ च्या सुमारास भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालीची पट्टी वापरली, ती ओल धरून ठेवते आणि चिकटत नाही म्हणून. (कृपया कुणी घरी करू नका, ते दवाखान्यात निर्जंतुक करून केलेलं काम होतं.)

कोलॅजनची शीट महाग आहे, आम्हाला एकेका शीटला दोन-दोन दिवसांची मजुरी गेली. सगळ्या जखमांना ती लागत पण नाही, आणि काळ्या पडलेल्या पायावर नुसती पट्टी लावून उपयोग नाही. पण शुगरच्या जखमा, भाजलेली लेकरं, कारखान्यावरून कोयत्याचे घाव घेऊन येणारी आमची ऊसतोड माणसं, एवढ्यांसाठी तरी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ती मोफत ठेवा आणि लावायची कशी हे ड्रेसिंगवाल्यांना शिकवा, दोन महिने गॉज सोलण्यापेक्षा आणि मग पाय कापण्यापेक्षा सरकारला ते स्वस्तच पडेल.

आईची जखम सात आठवड्यांत भरली. आमच्याच गल्लीतल्या एका काकांच्या पायाला आज तोच कोरडा गॉज चालू आहे, म्हणून हे लिहायला बसले.

– एक वाचक, जि. बीड