त्याला रेसिंग म्हणू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात रात्री रस्त्यावर बाइक उडवणाऱ्या पोरांची बातमी होती, हेडिंग 'रेसिंगचं वेड'. बाबा जाऊन तीन महिने झाले, नाहीतर हे पत्र त्यांनीच लिहिलं असतं आणि माझ्यापेक्षा कडक लिहिलं असतं.

कारण रेसिंगचं खरं वेड काय असतं ते आम्ही घरात बघितलंय. आणि हाच माणूस रस्त्यावर इतकी सावकाश गाडी चालवायचा की मागचे हॉर्न वाजवून कंटाळायचे, आम्हा पोरांना लाज वाटायची. टायरची हवा बघायचं छोटं मीटर कायम शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी. निघायच्या आधी प्रत्येकाचा सीटबेल्ट दोनदा ओढून बघणार, आईचासुद्धा. ती म्हणायची, अहो मी काय सामान आहे का!

१९९४ला इटलीत इमोलाला फॉर्म्युला वनच्या ट्रॅकवर शनिवारी रात्झेनबर्गर हा ड्रायव्हर अपघातात गेला, रविवारी आयर्टन सेनाही. त्या रात्री बाबा जेवले नाहीत एवढं मला आठवतं. तेव्हापासून स्पीडपेक्षा सेफ्टीवरच जास्त बोलायचे. तरी २०१८ला ड्रायव्हरच्या डोक्यावर हॅलो (डोकं वाचवणारी धातूची कमान) आला तेव्हा नाक मुरडलंच, चांगल्या गाडीला चपलेचा पट्टा लावलाय म्हणे. मग २०२०ला बहारीनला पहिल्याच लॅपला ग्रोजाँ या ड्रायव्हरची गाडी कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले, पेटली, आणि तो जवळपास २८ सेकंदांनी आगीतून स्वतः बाहेर आला. बाबा उभेच राहिले होते. म्हणाले, पट्ट्याबद्दल बोललो ते मागे घेतो. आणि मग माझ्या मुलाला म्हणाले, बघितलंस, पहिल्या लॅपला मेडिकल कार मागेच असते, रस्त्यावर तुझ्या मागे कोण येणारे?

हां, रेस म्हणजे सगळं सोडून बसणारा माणूस नव्हता तो. २००५ची इंडियानापोलिसची रेस, त्या रात्री ताईला ताप, बाबा तिच्या उशाशी, रेस कॅसेटवर रेकॉर्डला लावलेली. निकाल दिसू नये म्हणून आईने सकाळी तुमचं क्रीडा पान गादीखाली लपवलं. संध्याकाळी कॅसेट लावली तर ट्रॅकवर गाड्या सहाच! बाबांना वाटलं रेकॉर्डिंगच बिघडलं. टायरच्या भानगडीमुळे बाकीच्या १४ फॉर्मेशन लॅपनंतर (रेस सुरू व्हायच्या आधीची सावकाश फेरी) आत गॅरेजकडे निघून गेल्या होत्या. तरी शेवटपर्यंत बघितली, आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला ना, पुढचे चार दिवस येईल त्याला तेच सांगत होते (सहातला चौथा, हे मात्र गाळून).

तर साहेब, पुढच्या वेळी हेडिंगला स्टंट लिहा, रेसिंग नको. आणि सोमवारी फॉर्म्युला वनचा निकाल दोन ओळीत उरकता तो जरा वाढवा, निदान पॉइंट मिळवणारे पहिले दहा तरी छापा. बाबा यावर दर सोमवारी कुरकुर करायचे.

आपला,
एक जुना वाचक