मकरपुऱ्याच्या टाकीवाल्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "हो हो, बरं" म्हणून फोन ठेवता. म्हणून हे सगळ्यांसमोर.

बडोद्यात यॉट म्हटलं की लोकांना सुरसागरातली बोट आठवते, आणि विश्वामित्रीत तर मगरीच. मुंबईच्या किनाऱ्यावरची आमची जुनी फायबरची मोटरयॉट मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला माणूस मार्गी लावेल, यावर कोण विश्वास ठेवणार? पण किनाऱ्यावरच्या जाणत्यांचा अनुभव आधीच घेऊन झाला होता. एकाने सागवानी डेकच्या फटींवर सिलिकॉन फासलं. दुसऱ्याने सैल पट्ट्यांना आणखी स्क्रू ठोकले, म्हणजे पाण्याला आणखी भोकं. वरून डेक चकाचक, आतल्या प्लायवूडचा भुसा. डिझेलची टाकी गळू लागली तर म्हणे, आतून इपॉक्सी ओतू. ॲडव्हान्स मात्र आधी.

तुम्ही टाकीच्या तळाकडे पाहिलंच नाही. माथ्यावर हात फिरवलात, गंजाचा पापुद्रा सोललात आणि म्हणालात, "ही वरून सडलीय. आधी डेक." डेकमधून झिरपलेलं खारं पाणी टाकीच्या सपाट माथ्यावर साचतं आणि लोखंड तिथूनच खातं. नुसती टाकी बदलणं म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी घालणं.

बिलिमोऱ्याचे सुतार तुम्हीच आणलेत, "एकही स्क्रू नको" या अटीवर. कुजका गाभा काढून फोम भरला. सागाच्या पट्ट्या १० मिमी जाडीच्या, लाकडाची रेषा उभी असलेल्या. चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसलेल्या, कारण सागाचं तेल चिकटू देत नाही. ५ मिमीच्या फटींत तळाला टेप, म्हणजे सीलंट फक्त दोन्ही कडांना धरतं आणि लाकूड फुगलं-आक्रसलं तरी फाटत नाही.

जुन्या टाक्या जागेवरच कापाव्या लागल्या. नव्या चार, दारातून आत जातील एवढ्या, ५ मिमी जाडीच्या, खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या ५०८३ ॲल्युमिनियमच्या. ०.२ बार दाबाने हवा भरून प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावलंत. एका कोपऱ्यात बुडबुडा दिसला, तर वर थिगळ न लावता तो सांधा घासून पुन्हा वेल्ड केलात. खाली निओप्रीन रबराच्या पट्ट्या चिकटवल्यात, कारण ओल्या लाकडावर टेकलेलं ॲल्युमिनियम कुणाच्या लक्षात न येता पोखरलं जातं. पितळेचं फिटिंग औषधालाही नाही.

हे सगळं बिलात आलं. टाकीत बुडवून डिझेल मोजायच्या मापाच्या पट्ट्या नाही आल्या.

जुन्या डेकच्या सागाच्या, बोटभर रुंदीच्या. टाकीचा तळ बोटीच्या पोटासारखा निमुळता, त्यामुळे अर्धी उंची म्हणजे अर्धं डिझेल नव्हे. बोट पाण्यात सरळ उभी असताना तुम्ही २०-२० लिटर मोजून ओतत गेलात आणि दर मापाला पट्टी बुडवून पटाशीने खाच पाडलीत. खाली खाचा लांब-लांब, वर जवळजवळ. तळाशी तांबडी रेघ: डिझेल ओढणारा सक्शनचा पाइप तळापासून २५ मिमी वर संपतो, रेघेशी डिझेल आलं की पंप हवा ओढणार. पट्टीचं टोक टेकतं तिथे टाकीच्या तळाला रुपयाएवढी चकती वेल्ड केलेली, टोक आपटून पत्रा झिजू नये म्हणून. ती चकती टाकी बंद करण्याआधीच बसवावी लागते. म्हणजे पट्टीचा विचार तुम्ही तेव्हापासून केला होता, आणि आम्हाला चकार शब्दाने बोलला नाहीत! पैसे घेऊन फोन न उचलणारे पाहिल्यावर असं काम बघून काय वाटतं, ते लिहिता येत नाही. काम नीट करणं हा मोठेपणा वाटावा, अशी वेळ आणली आहे लोकांनी.

डिझेल फिल्टरच्या काचेच्या वाटीत अजून पाण्याचा थेंब नाही. डेक तुम्ही सांगितल्याप्रमाणे मऊ ब्रशने, लाकडाच्या रेषेला आडवाच घासतो. तीन नंबरच्या पट्टीवरची तांबडी रेघ पुसट झालीय; कोणता रंग डिझेलमध्ये टिकतो ते कळवा, आणि चारही पट्ट्यांची मजुरीही.

आपले,
यॉटवाले
बडोदे