बाबा, तो बिल्ला शोधून ठेवा

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबा, तुम्ही पुन्हा तोच प्रश्न विचारलात, "मग, गाडी कधी घेताय?" मी हसून विषय बदलला आणि तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणालात. तुमचं ते "बरं, ठेवतो" मी हॉस्टेलच्या दिवसांपासून ओळखते. म्हणून आज ओजू झोपल्यावर नीट लिहायला बसलेय. फोनवर आपण दोघं एकमेकांना बोलू देत नाही, आणि आई मधल्या मधे "जाऊ दे ना" म्हणत राहते.

समोरच्या काकांच्या मुलाने सात सीटची गाडी घेतली. तुमची मुलगी मात्र टोकियोत राहून, दोघं कमावत असताना, पोराला मागे बसवून सायकल हाकते. चारचौघांत हे सांगताना तुम्हाला अवघडल्यासारखं होतं, ते मला कळतं. ९६ साली तुम्ही मारुती ८०० दारात आणलीत, आईने चाकांखाली लिंबं ठेवली, आणि पुढची दोन वर्षं आजीला डायलिसिसला नेलं ते त्याच गाडीतून. त्या गाडीने आपल्यासाठी काय केलं ते मी विसरलेले नाही.

इथली गोष्ट थोडी निराळी आहे. गाडी घ्यायची म्हणजे पैशांच्या आधी जागा दाखवावी लागते. १९६२ पासून इथे तसा कायदाच आहे. घरापासून दोन किलोमीटरच्या आत गाडी ठेवायला स्वतःची किंवा भाड्याची जागा आहे, असा पोलीस ठाण्याचा दाखला मिळाल्याशिवाय गाडी तुमच्या नावावर होत नाही. दाखल्याचं नाव 'शाको-शोमेई'. रात्री रस्त्यावर गाडी सोडून द्यायचा प्रश्नच येत नाही. आमच्या गल्लीत एका गाडीच्या जागेचं भाडं महिन्याला वीस हजार येनच्या पुढे आहे. त्यात गाडी उन्हातच उभी राहते, वर पत्रासुद्धा नाही. शिवाय नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी सरकारी तपासणीला न्यायची, त्यात लाखभर येन सहज जातात. अनिकेतने एकदा सगळं कागदावर मांडलं, तो कागद अजून फ्रिजवर आहे. महिन्यातून तीनदा वापरायच्या वस्तूसाठी तेवढे पैसे मोजायला माझं मन होत नाही. माझं मन तुमच्याकडूनच आलंय. पेट्रोल पाच पैशांनी स्वस्त मिळतं म्हणून तुम्ही निगडीपर्यंत जायचात आणि जाण्यायेण्यात जास्त जाळायचात, ते सोडून.

उलट ट्रेनच्या पासाचे पैसे कंपनी देते. जवळजवळ सगळ्याच कंपन्या देतात, आणि महिन्याला दीड लाख येनपर्यंत त्यावर कर नाही. म्हणजे सरकार, कंपनी आणि पार्किंगवाला तिघं मिळून माणसाला स्टेशनाकडे ढकलतात. इथले लोक फार सद्गुणी आहेत म्हणून सायकल-ट्रेनने जातात, असं कोणी तुम्हाला सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आमचा हा निशी-कासाईचा भागच मुळी ट्रेनने वसवलाय. २००० साल उजाडताना संगणकांच्या तारखा बिघडतील म्हणून निघालेल्या 'वाय-टू-के'च्या कामासाठी आलेले भारतीय इंजिनिअर इथे राहायला लागले, कारण तोझाई लाइनने ओतेमाचीची ऑफिसं पंधरा मिनिटांवर. मग डाळी-मसाल्यांची दुकानं आली, शाळा आली. आमच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक निवडून आले, तेव्हा तुम्ही मला पेपरातलं कात्रण पाठवलं होतंत, आठवतं? आपला मराठी माणूस. त्याच वॉर्डातल्या रस्त्यांवर मी सायकल चालवते.

ट्रेनची गर्दी मात्र मी तुमच्यापासून लपवणार नाही. महामारीच्या आधी तोझाईचा एक टप्पा सगळ्या टोकियोत सर्वांत जास्त भरलेला होता, सकाळच्या वेळी क्षमतेच्या १९९ टक्के. इथलं सरकार तेव्हा ही टक्केवारी कशी समजावून सांगायचं ते ऐकून अनिकेत, कल्याण-दादर केलेला माणूस, खो-खो हसला होता. १५० टक्क्यांना वर्तमानपत्र आरामात उघडून वाचता येतं, १८० ला घडी घालून कसंबसं, आणि २०० टक्के म्हणजे अंगाला अंग लागतं पण साप्ताहिक जेमतेम वाचता येतं! "आमच्याकडे दोनशेला आम्ही भजन म्हणतो," असं त्याचं उत्तर. पण गरोदरपणात ती ट्रेन मला नकोशी झाली होती हेही खरंच. ट्रेन पाच मिनिटं उशिरा आली तर ऑफिसात दाखवायला स्टेशनवर उशिराचा दाखला देतात. त्याचा मळमळीला उपयोग नाही.

आता सायकल. आमच्या पलीकडचं स्टेशन कासाई. तिथे चौकाखाली सायकलींचं तळघर आहे. २००८ मध्ये सुरू झालं, एकूण ९४०० सायकलींची जागा. त्यातल्या ६४८० यंत्राने ठेवल्या जातात. जमिनीत विहिरीसारखे ३६ गोल खड्डे, प्रत्येकात १८० सायकली. आपण सायकल एका दाराशी उभी करायची, बटण दाबायचं, आणि यंत्र तिला ओढून खाली घेऊन जातं. संध्याकाळी कार्ड लावलं की अर्ध्या मिनिटाच्या आत तीच सायकल परत समोर. ओजूला वाटतं की खाली एक राक्षस राहतो आणि तो सायकली सांभाळतो. मी काही दुरुस्त केलेलं नाही. ओजूच्या खुर्चीची माझी जड सायकल मात्र त्या यंत्रात जात नाही, ती साध्या रांगेत लागते. एकदा उशीर झाला म्हणून मी ती फुटपाथवर लावून पळाले, तर संध्याकाळी जागेवर नुसती एक चिठ्ठी होती. सायकल उचलून नेलेली. चूक माझीच, पण दूरच्या मैदानात जाऊन हजारो येन भरून ती सोडवताना मला कॅम्पातून स्कूटर सोडवून आणणारे तुम्ही आठवलात.

बाबा, तुम्हाला एक गंमत सांगायची राहिलीच होती. सायकल घेतली की दुकानातच तिची पोलिसांकडे नोंद होते आणि नंबराचा स्टिकर दांड्यावर बसतो. तो पाहिल्या पाहिल्या मला तुमच्या सायकलचा नगरपालिकेचा पितळी बिल्ला आठवला. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, चांदीच्या अत्तरदाणीशेजारी असायचा तो. तुम्ही सांगायचात ना, डबलसीट सापडलं किंवा दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचे, मग कंपनीच्या पहिल्या शिफ्टला सायकल ढकलत जायचं. इथेही डबलसीटला बंदी आहे (लहान मुलाची खुर्ची सोडून), दिवा नसला तर दंड, हातात छत्री धरून चालवायला बंदी. २०२६ च्या एप्रिलपासून सायकलवाल्यांना जागेवरच पावती फाडायचा नियम आला, हातात फोन दिसला तर बारा हजार येन. जे पुणं साठ-सत्तर साली सायकलींचं शहर म्हणून मिरवत होतं, तिथेही डबलसीटचे आणि दिव्याचे असेच नियम होते. आपल्याकडे सायकली गेल्या आणि नियमही त्यांच्याबरोबर गेले.

आई, तू विचारशील, पाऊस असला तर? रेनकोट. पोराला ताप आला तर? टॅक्सी. आणि मोठं सामान, समुद्रकिनारा, आजारी माणूस यासाठी कोपऱ्यावर भाड्याची गाडी उभी असते. फोनवर नोंदवायची, दर पंधरा मिनिटांचे दोन-अडीचशे येन, काम झालं की जागेवर आणून ठेवायची. गेल्या महिन्यात दोनदा घेतली. इथून ट्रेनने दोन तास दूरच्या गावात राहिले असते तर मीच पहिली गाडी घेतली असती. तिथे दिवसाला चार बस असतात आणि म्हातारी माणसंसुद्धा गाडीवाचून अडतात.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते.

आईने मला सांगितलं, तिच्यावर रागावू नका. ताईकडून कल्याणहून परतताना रात्री बोरघाटात धुकं होतं आणि पुढच्या ट्रकचे दिवे तुम्हाला उशिरा दिसले. आई म्हणाली, "देव पाठीशी म्हणून वाचलो." मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जेमतेम वर्ष झालंय, वय चौऱ्याहत्तर.

२०१९ च्या एप्रिलमध्ये इथे इकेबुकुरोत एका सत्त्याऐंशी वर्षांच्या गृहस्थाच्या गाडीने सायकलवर चाललेल्या आईला आणि तिच्या तीन वर्षांच्या मुलीला उडवलं. दोघी गेल्या. ते म्हणत राहिले ब्रेक लागला नाही, कोर्टाने म्हटलं तुम्ही ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबलात. त्या वर्षी सगळ्या जपानात सहा लाखांवर लोकांनी आपापले परवाने आपणहून परत केले. पंच्याहत्तरीनंतर इथे परवान्याच्या नूतनीकरणाआधी स्मरणशक्तीची चाचणी असते. ओजूला मागे बसवून चौक ओलांडते तेव्हा डावीकडून येणाऱ्या गाडीत कोण बसलंय ते मी आता बघते. पांढरे केस दिसले की थांबते. बाबा, कुठल्या तरी चौकात एखादी मुलगी तुमचे केस बघून तशीच थांबत असेल.

गाडी विका असं मी म्हणत नाही. चिंचवडात तुम्हाला स्टेशनपर्यंत नेणारा सलग फुटपाथ नाही, रिक्षावाले जवळचं भाडं घेत नाहीत, आणि आईच्या गुडघ्यांना बसच्या पायऱ्या झेपत नाहीत. दवाखाना, भाजी, देऊळ, दिवसाउजेडी खुशाल न्या. पण रात्रीचा घाट नको. आणि पुण्यात जायला पिंपरीहून मेट्रो आहे, २०२४ च्या सप्टेंबरपासून ती थेट मंडईच्या खाली जाते. आई तिच्या भिशीच्या मैत्रिणींबरोबर तुळशीबागेत तशीच जाते, तुम्हाला बोलली नसेल. परवा तुम्ही मंडईभोवती पार्किंग शोधत पाऊण तास फिरलात, तेव्हा तिने मला तीन मेसेज केले.

तर पुढच्या महिन्यात ताईकडे जाताना सिंहगड एक्स्प्रेसने जा. चिंचवडला चढायचं, कल्याणला उतरायचं, स्टेशनवर जावई येईल, मी त्याच्याशी बोललेय. पहाटे उठावं लागेल हे मान्य, पण तुम्ही तसेही चारला उठून रेडिओ लावता. ज्येष्ठांची सवलत २०२० मध्ये बंद झाली ती अजून सुरू केलेली नाही, त्यावरून तुम्ही रेल्वेला काय काय बोलाल ते मला पाठ आहे. म्हणून तिकिटं मी इथूनच काढलीत. खिडकी आईची.

ऑक्टोबरात इकडे याल तेव्हासाठी शेजारच्या आजोबांची जुनी सायकल मी मागून ठेवली आहे, बुटक्या दांड्याची, पाय उचलावा लागत नाही. सत्तरीच्या पुढच्यांना इथे फुटपाथवरून सायकल चालवायची कायद्याने मुभा आहे, मला नाही. म्हणजे आपण निघालो की मी रस्त्यावरून आणि तुम्ही वरून. अराकावा नदीच्या काठाने सगळा सपाट रस्ता आहे. येताना तो बिल्ला आणा, ओजूला दाखवायचाय. आणि आई, गोडा मसाला अर्धा किलोच आण, मागच्या वेळचा अजून संपला नाही.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, तिकिटं रद्द करायचा प्रयत्न करू नका. ओटीपी माझ्या फोनवर येतो.