मे क्लार्कची चाल आणि फिल्मचा वेग

संपादक महोदय,

मूकपटांवरच्या लेखात 'तेव्हाचे नट झटके दिल्यासारखे भराभर हालत' हे वाक्य हमखास येते. त्या नटांवर हा अन्याय आहे. दोष अभिनयाचा नाही, फिल्म चालवणाऱ्याचा आहे.

इंग्लंडच्या मे क्लार्क या नटीचेच पाहा. जन्म 1885 चा. टेम्सकाठच्या वॉल्टन गावी सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रपट कंपनीत ती कॅमेऱ्यासमोर उभी राहत असे आणि पडद्यामागची कामेही करत असे. 1903 मध्ये 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' पहिल्यांदा पडद्यावर आले, त्यातली अ‍ॅलिस तीच. 1905 च्या 'रेस्क्यूड बाय रोव्हर'मध्ये सैनिकाशी बोलण्यात गुंगून बाबागाडीतले बाळ गमावणारी दाईही तीच. या चित्रपटाच्या प्रती इतक्या खपल्या की निगेटिव्ह झिजून तो दोनदा नव्याने चित्रित करावा लागला.

35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम, म्हणजे सुटी चित्रे, बसतात. 'अ‍ॅलिस' मूळ 800 फुटांचा, म्हणजे 12,800 फ्रेमचा. तेव्हाच्या चित्रीकरणाच्या अंदाजे वेगाने, म्हणजे सेकंदाला 16 फ्रेमने, तो 13 मिनिटे 20 सेकंद चालतो, बोलपटाच्या 24 फ्रेमने 8 मिनिटे 53 सेकंदांत संपतो. मग अ‍ॅलिस चालेल कशी, धावणारच! (आज उरलेली प्रत अपुरी आहे, तेव्हा हिशेब हाती असलेल्या फुटांवरच करावा.)

डिजिटल प्रत 24 च्या वेगाची असेल तर प्लेअरचा वेग 67 टक्के ठेवावा, 25 ची असेल तर 64. त्याआधी प्रत मुळातच संथ करून घेतलेली नाही ना, हे तपासावे. नाहीतर माणसे पाण्यात चालल्यासारखी दिसतात. कॅमेरा हाताने फिरवला जाई, त्यामुळे 16 हा आकडाही अंदाजाचाच. खरी खूण म्हणजे चालणारे पाऊल, खाली पडणारी वस्तू आणि धूर. प्रोजेक्टरवर खरी फिल्म लावणाऱ्यांनी शटर (प्रकाश अडवणारी फिरती झडप) तीन पात्यांचे वापरावे. दोन पात्यांनी 16 च्या वेगाला सेकंदाला 32 च उघडझाप होते आणि पडदा लुकलुकतो. तीन पात्यांनी ती 48 होते.

हा प्रश्न आपल्या घरचाही आहे. फाळके 1912 मध्ये वॉल्टनला जाऊन हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहून आले होते. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3,700 फुटांचा, आणि लांबी 'सुमारे 40 मिनिटे' अशी सगळीकडे छापली जाते. हा 24 फ्रेमचा हिशेब झाला. 16 ने तोच चित्रपट तासाभराहून थोडा अधिक चालतो.

मूकपटाची लांबी छापताना मिनिटांच्या शेजारी फूट आणि वेगही द्यावा, एवढी विनंती.

– काही मूकपटप्रेमी वाचक, पुणे